पाठीमागचं बोलणं

"अरे ठोंब्या, कोरफडीला कशाला पाणी ओततोयस? कुजेल ना ती."

हे शब्द त्याच्या डोक्याच्या अगदी मधोमध उमटले, आणि गॅलरीत झारी घेऊन उभा असलेला तो जागच्या जागी थिजला. मनगट वळवून त्याने पाण्याची धार थांबवली. "थांबला. सुचलं म्हणायचं एकदाचं," तोच आवाज म्हणाला. आवाज बायकोचा होता. पण बायको तर आतल्या खोलीत, बंद काचेपलीकडे, शिलाईच्या मशीनवर बसली होती, आणि तिथून ती ओरडली असती तरी त्याला ऐकू आलं नसतं. शिवाय ती त्याला अहो म्हणायची. चौतीस वर्षांच्या संसारात तिच्या तोंडून अरे निघालं नव्हतं, भांडणातसुद्धा नाही. उलट भांडणात तिच्या अहोला जास्तच धार चढायची. मान वळवून बघावं असं त्याला वाटलं, आणि तरी त्याने ती वळवली नाही. पाठ शक्य तितकी साधी, रोजच्यासारखी ठेवून तो पुढच्या कुंडीकडे सरकला. तिथे गुलाब होता. "हां, त्याला घाल. तो बिचारा कालपासून मान टाकून बसलाय," आवाज म्हणाला, आणि मग कर्रर्र करत कात्री जाड कापडातून गेली. ती कात्री इतकी जवळून गेली की त्याचा हात आपसूक कानाकडे गेला. कानात यंत्र होतं. तेव्हा त्याच्या डोक्यात उजेड पडला.

ही यंत्रं येऊन पाच आठवडे झाले होते. त्याआधी वीस वर्षं कमी ऐकू येत असूनही तो कानाला काही लावत नसे. बाटल्या भरायच्या कारखान्यात त्याची अठ्ठावीस वर्षं गेली, त्यातली बहुतेक धुलाईच्या पट्ट्यावर, जिथे दर मिनिटाला काही शे काचेच्या बाटल्या एकमेकींना धडकत, खांदे घासत, एका रांगेत यायला भांडत असत. तो आवाज बाहेरच्या माणसाला दहा मिनिटं सोसत नसे. त्याला मात्र तो आवडायचा. पट्टा नीट चालला असेल तर त्या कल्लोळातही एक सूर असायचा, आणि कुठे एखादी बाटली आडवी पडली की तो सूर बिघडायचा. मागे वळून न बघता तो सांगू शकायचा, तिसऱ्या वळणावर अडकलंय. ज्या कानांनी त्याला तिथे मान मिळवून दिला, ते त्या मानापायीच गेले. आधी पक्षी गेले. मग शिट्टी, मग फोनची रिंग, मग बायकांचे आवाज, त्यातही स आणि श. लोक हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात, असं त्याचं ठाम मत झालं. डॉक्टरांनी दोनदा सांगूनही त्याने यंत्र घेतलं नाही, कारण दोष लोकांचा होता, आणि यंत्र त्याने का लावायचं? निवृत्त झाल्यावर मात्र घर इतकं गप्प वाटायला लागलं की एके दिवशी आपण होऊन तो कानाच्या दवाखान्यात गेला. तिथल्या तंत्रज्ञ बाईंनी यंत्रं बसवली, त्याच्या फोनला जोडून दिली, आणि फोनमधली एक सोय दाखवली. ती सुरू करून फोन दूर ठेवला, की फोन जे ऐकेल ते थेट यंत्रात येतं. मोठ्या टेबलावर चार माणसं बोलत असतील तर फोन मधे ठेवा, म्हणाल्या. त्याच्याकडे ना मोठं टेबल होतं ना चार माणसं. तो फोन रेडिओजवळ ठेवून सकाळच्या बातम्या ऐकायचा. त्या दिवशी बातम्या संपल्यावर सोय बंद करायची राहिली, चष्मा शोधत तो बायकोच्या खोलीत गेला, चष्मा मिळाला, फोन कापडांच्या ढिगावर राहिला.

फोनला एक पिशवीही होती. कुठल्याशा नाटकातल्या राजाच्या झग्यातून उरलेल्या जांभळ्या मखमलीची ती बायकोनेच शिवली होती, गळ्यात अडकवायच्या पट्ट्यासकट, कारण तो फोन जिथे तिथे विसरतो. पिशवी गळ्यात, फोन मात्र तरीही जिथे तिथे, अशी परिस्थिती होती. बायको नाटकवाल्यांचे कपडे शिवायची. एका फिरत्या नाटक मंडळीचं काम गेली बावीस वर्षं तिच्याकडे होतं. मापं कागदावर यायची, कापड गठ्ठ्यातून यायचं, आणि झगे, कोट, शिपायांचे गणवेश, परीचे पंख त्याच गठ्ठ्यातून परत जायचे. आतल्या खोलीत त्या कपड्यांची गर्दी असे, आणि त्या गर्दीत ती एकटी, मान खाली घालून, तोंडाने अक्षर न काढता काम करते, असंच तो वीस वर्षं समजत आला होता.

झारी रिकामी झाली तरी तो गॅलरीतून हलला नाही. त्याने एक सुकलेलं पान तोडलं, मग एक न सुकलेलं. आत ती बोलत होती. कापडाशी बोलत होती, इकडे ये, असं काय करतोस, तुला काय चावतं का. सुईशी बोलत होती. मग वरच्या मजल्यावरच्या मालकीणबाईंची हुबेहूब नक्कल करून स्वतःच हसली. आणि मधे मधे, काचेतून त्याच्या पाठीकडे बघून, त्याच्याशी. त्याला अरे म्हणत. सदऱ्याची कॉलर एका बाजूला मुडपलीय रे, तसाच जाणार आहेस का खाली. स्वप्नात तू जहाजावर खलाशी होतास, ऐक ना, आणि मी तुझा शर्ट शिवत होते पण शर्टाला बाह्याच तीन. सांगण्याचा तिचा सूर इतका सरावाचा होता की हे आजचं नाही, हे रोजचं आहे, कैक वर्षांचं आहे, ते त्याला लगेच कळलं. वीस वर्षं ती त्याच्या पाठीशी बोलत होती. समोर आली की ओरडून विचारण्याइतकंच बोलणं उरलेलं: चहा घेताय? वीज भरली? दार लावलंत? ओरडून स्वप्न सांगता येत नाही. ओरडून कोणाची नक्कल करता येत नाही. जेवताना तिच्या ओठांवर कधी कधी काहीतरी येऊन परत जायचं. तो म्हणायचा, काय, आणि ती हात हलवायची, काही नाही. लग्नानंतर पहिली काही वर्षं ही बाई किती बोलायची, भांडी घासता घासता, जिना चढताना धाप लागली तरी, हे तो विसरूनच गेला होता. माणसं वयाने गप्प होतात असं तो धरून चालला होता.

दुसऱ्या दिवशी तो फोन मुद्दाम विसरला. त्याला वाटलं, फक्त एकदा, खात्री करायला. तिसऱ्या दिवशी तो टाचण्यांच्या डब्यामागे विसरला, चौथ्या दिवशी पुठ्ठ्याच्या टोप्यांमधे. विसरायला तो पूर्वीपासून प्रसिद्ध असल्याने कोणाला संशय येण्याचं कारण नव्हतं. तिने फक्त नेहमीसारखा फोन उचलून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, जिथून त्याला आणखीच स्वच्छ ऐकू यायला लागलं. गॅलरीतल्या झाडांची इतकी निगा कधीच राखली गेली नव्हती. पानं पुसून झाली, कुंड्या रंगवून झाल्या, माती उकरून मुळांना धाप लागली. "याला झालंय तरी काय," ती म्हणाली, "माळ्याची नोकरी लागली की काय कुठे?" तो ओठ दाबून मातीत बघत राहिला. शाळेत असताना दप्तरात मांजराचं पिल्लू नेलं होतं, तेव्हा दिवसभर पोटात अशाच गुदगुल्या झाल्या होत्या. बायको त्याला ध्यान म्हणत होती, बोका म्हणत होती, एकदा तर माझा हत्ती म्हणाली, आणि जेवायला बसल्यावर ताट पुढे सरकवून मोठ्याने, "अहो, मीठ बघा!" या दोन्ही बायका एकाच साडीत कशा मावतात, याचं त्याला नवल वाटे. आपल्याला एक मैत्रीण मिळाली आहे आणि ती बायकोला सांगायची सोय नाही, असा काहीतरी उलटापालटा आनंद त्याच्या अंगात फिरत होता. त्यालाच लागून एक बोचही होती. ती बोलत होती ते त्याच्याशी, पण त्याला ऐकू येत नाही या भरवशावर. दारावर आत येऊ नये अशी पाटी लावून बसलेल्या माणसाच्या घरात आपण खिडकीतून उतरलोय, असं त्याला अधूनमधून वाटायचं, आणि तो ठरवायचा, उद्यापासून बंद. उद्या आला की गुलाबावर कीड आहे का बघायला जावंच लागायचं.

बाराव्या दिवशी तिच्या फोनवर मंडळीच्या व्यवस्थापिकेचा फोन आला. या बाईंना ती मोठ्या बाई म्हणायची. त्याला एकच बाजू ऐकू आली, पण तेवढी पुरली. मंडळी दौऱ्यावर निघत होती, अकरा गावं, अडीच महिने, आणि कपड्यांची सगळी जबाबदारी सांभाळायला त्यांना ती हवी होती. सोबत. गाडीत, पडद्यामागे. तिने आधी भरभर विचारलं, गाडीत मशीन ठेवायला जागा आहे का, इस्त्री कोण करतं, परीचे पंख घडी न करता कसे नेणार. तिचा आवाज चढत गेला, मुलीसारखा झाला. मग एकाएकी खाली आला. "नाही हो, नाही जमायचं. घरी आमचे हे आहेत ना. नाही, तब्येत छान आहे, पण दाराची बेल कळत नाही, नळ चालू राहिला तर कळत नाही. यंत्रं आलीत, पण ती अर्धा वेळ डबीतच. मागे दूध उतू जाऊन गॅस विझला तर शेजारी बसून पेपर वाचत होते. नाही, त्यांना विचारायचं काय त्यात? ते जा म्हणतील. म्हणूनच नाही विचारायचं." फोन ठेवल्यानंतर मशीन सुरू झालं नाही. तो बाहेर खुर्चीत पेपर धरून बसला होता, तिच्या खिडकीकडे पाठ करून. बराच वेळ नुसता खोलीचा आवाज येत राहिला, पंख्याचा, कुठल्या तरी कापडाच्या सरसरण्याचा. मग ती हळू म्हणाली, "बावीस वर्षं शिवतेय रे मी. मी शिवलेलं अंगावर घालून कोणी चालताना एकदाही नाही पाहिलं." आणि थोड्या वेळाने, "ऐकलंस? नाहीच ऐकलंस. बरंय."

पेपरातलं एकही अक्षर त्याला दिसत नव्हतं. तिने नाटक पाहिलं नव्हतं, कारण त्याला ऐकू येत नाही तिथे जाऊन काय करायचं म्हणून तो गेला नव्हता, आणि तो जात नाही म्हणून ती गेली नव्हती. हे इतक्या सरळ रेषेत त्याने कधी मांडून पाहिलं नव्हतं. पासेस यायचे. गुलाबी कागदावर छापलेले. ती ते मशीनच्या खणात टाकायची आणि पुढे त्याच कागदांवर मापं लिहायची. तो खण उघडून सुईत दोरा ओवायचं यंत्र शोधताना त्याने ते पाहिलेही होते. आता त्याला आठवलं, की पहिल्या एक-दोन वेळा तिने पास हातात घेऊन काहीतरी विचारलं होतं, आणि तो म्हणाला होता, काय, आणि तिने हात हलवला होता.

पुढचा आठवडा त्याने ऐकलं हे न सांगता ऐकल्यासारखं वागण्याच्या खटपटीत घालवला. जेवताना विचारलं, तुझी ती नाटक मंडळी बाहेरगावी जाते का कधी. ती म्हणाली, जाते. तो म्हणाला, छान. संभाषण तिथेच बसलं. मग तो फोनच्या पाठी लागला. आवाज ओळखून सांगणारीही एक सोय त्यात असल्याचं त्याने शोधून काढलं होतं. बेल वाजली, पाणी वाहिलं, कोणी दार ठोठावलं की पडद्यावर अक्षरं येणार आणि फोन थरथरणार. त्याने ती सुरू केली आणि बायकोला दाखवायला बोलावलं. पहिल्या तासात तो खोकला, तर फोनने कळवलं की जवळपास कुत्रा भुंकतो आहे. तिचं मशीन चाललं, तर दारावर कोणीतरी आहे. हे बघून ती हसत सुटली, तर फोन म्हणाला, बाळ रडतंय. मग दोघंही हसले, समोरासमोर, आणि फोनने बाळाची बातमी पुन्हा पुन्हा दिली. पण बेल मात्र फोनने चोख ओळखली. नळही. तो उत्साहाने म्हणाला की आता मी घरात अगदी एकटा असलो तरी हरकत नाही. तिने हसणं थांबवून त्याच्याकडे जरा निरखून बघितलं. "एकटे कशाला असाल?" एवढं म्हणून ती कामाला गेली. त्या दिवशी फोन कट्ट्यावर असूनही ती दिवसभर काही बोलली नाही, आणि तिला कळलं की काय या धास्तीने त्याने चहात दोनदा साखर घातली.

एकोणिसाव्या दिवशी त्याला ते सोसवेना. सकाळचा चहा होता, ती ब्रेडला लोणी लावत होती. त्याने फोन पिशवीतून काढून टेबलावर तिच्या पुढ्यात ठेवला आणि सांगून टाकलं. हा तुझ्या खोलीत असतो तेव्हा मला बाहेर ऐकू येतं. सगळं. आधी चुकून झालं, मग चुकून नाही. इतकं बोलायला त्याला बाटल्यांचा आख्खा पट्टा थांबवण्याइतके कष्ट पडले.

तिने सुरी लोण्याच्या डब्यात खोचली. मग म्हणाली, "केव्हापासून?"

"एकोणीस दिवस. कोरफडीपासून."

तिच्या मनात ते एकोणीस दिवस एकेक करून उलगडत गेलेले त्याला तिच्या चेहऱ्यावर दिसले. कान लाल झाले, मग गळा. टेबलावरचं फडकं उचलून तिने तोंडावर धरलं. फडक्याआडून तिने विचारलं, "हत्ती पण?"

"हत्ती पण."

तो हसला ते चुकलंच. ती फडकं टाकून उठली. ओरडली नाही, कपबश्या आपटल्या नाहीत. खोलीत जाऊन तिने दार लावून घेतलं. फोन टेबलावरच पडून राहिला, आणि त्याच्या कानात फक्त टेबल येत होतं: चमच्याची किणकिण, एक माशी, त्याचा स्वतःचा घोट. दोन दिवस ती फक्त कामापुरतं बोलली. खोलीचं दार बंद, पडदा ओढलेला. तो झाडांकडे फिरकला नाही. यंत्रं कानात होती, पण फोन त्याने बंद करून तिच्या मशीनच्या खणात ठेवून दिला, म्हणजे चोरीचा माल परत केल्यासारखं. घर पुन्हा पूर्वीइतकं गप्प झालं. फरक एवढाच होता की आता या गप्पपणाच्या आत काय काय असू शकतं हे त्याला माहीत होतं, आणि ते माहीत असलेलं सोसणं जास्त अवघड होतं. खुर्चीत बसून तो विचार करायचा, मी ऐकलं नसतं तर तिचं बोलणं राहिलं असतं, पण दौरा गेला असता. आता बोलणंही गेलं आणि दौराही जाईल. एका दगडात दोन पक्षी मारणारी माणसं असतात. त्याला मात्र दगड आपल्याच पायावर पडलेला दिसत होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिने दार उघडून त्याला आत बोलावलं. स्टुलावरचे गणवेश उचलून जागा केली. तो बसला. ती मशीनवर बसली, त्याच्याकडे तोंड करून, आणि नेहमीपेक्षा हळू, न ओरडता बोलायला लागली. त्याला सगळं ऐकू आलं. तिने सांगितलं की तिला त्याचा राग आला होता, पण त्याहून जास्त लाज वाटली होती, आणि त्याहून जास्त, खरं सांगायचं तर, चुकल्याचुकल्यासारखं झालं होतं. दोन दिवस कोणाशी बोलायला नव्हतं. "तुमची पाठ फार चांगली होती," ती म्हणाली. "कधी मधे बोलायची नाही."

तो म्हणाला, "तू दौऱ्यावर जा."

"तुम्ही चोरून ऐकलंत, म्हणून मी जाऊ?"

"नाही. तुला जायचंय म्हणून."

ती शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान काढून घालत राहिली. मग म्हणाली की मोठ्या बाईंनी अजून दुसरी कोणी ठेवलेली नाही, तिने काल विचारून घेतलंय. म्हणजे रागात असतानासुद्धा विचारून घेतलं होतं, हे ऐकून त्याला इतकं बरं वाटलं की त्याने पुढे रेटलं: आणि ते अरे म्हणत जा की, मला चालतं. ती चटकन म्हणाली, छे, तोंडावर नाही जमायचं. तो म्हणाला, मग मी पाठ करून बसतो. यावर ती हसली, आणि खणातला फोन काढून त्याच्या हातात देत म्हणाली, हा आधी नीट चालतो का ते दाखवा.

मग परीक्षा सुरू झाल्या. ती कधीही बाहेर पडून बेल वाजवी आणि दारापलीकडे आकडे मोजत उभी राही. तो अंघोळीला गेला की बेल. तो डुलकी घेतोय की बेल. पहिल्या दिवशी पाचातल्या तीन बेला त्याने पकडल्या. एकदा फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला होता आणि एकदा मखमलीच्या पिशवीत घुसमटून पडला होता. मग तो बाजारातून एक मनगटी पट्टा घेऊन आला. फोनला काही ऐकू आलं की हा पट्टा हाताला गुदगुल्या करी. फोनची जागा बाहेरच्या खोलीत कपाटावर कायमची ठरली, पट्टा अंगावर, अंघोळीतही. पाचापैकी पाच. दूध उतू गेल्याचं फोनला कळेना, तेव्हा तिने हुकूम काढला की ती नसताना दूध तापवताना पेपर वाचायचा नाही, दुधाकडे बघत उभं राहायचं. याला कुठलंही यंत्र लागत नाही. शेवटच्या दिवशी तिने बेल न वाजवता नुसती नखांनी दारावर टिकटिक केली. दार उघडलं. तिने विचारलं, हे पण फोनने सांगितलं? तो म्हणाला, नाही, हे मीच ऐकलं. ती आत आली आणि तिने बॅग भरायला घेतली.

ती गेल्यावर पहिले चार दिवस तो खोल्यांतून नुसता फिरला. नंतर त्याची एक लय बसली. दूध, झाडं, बाजार, रेडिओ. ती व्हिडिओवर दिसायची, म्हणजे बहुतेक वेळा कुठल्या तरी रंगपटाचं छप्पर दिसायचं आणि तिचा आवाज यायचा, कारण फोन ती टेबलावर उताणा ठेवून हातांनी काम करायची. पण खरी मजा तिच्या ध्वनिसंदेशांची होती. ते सात सात, आठ आठ मिनिटांचे असत, मशीनच्या घरघरीत रेकॉर्ड केलेले, आणि त्यात ती बेधडक अरे म्हणायची. अरे, पहिल्या रांगेत एक आजोबा झोपले आणि घोरायला लागले, आणि आमच्या राजाने त्यांना उठवायचा हुकूम सोडला. अरे, तो लाल झगा दिव्याखाली किती वेगळा दिसतो, मला वाटलंच नव्हतं, राजा वळला ना, की झगा त्याच्यामागून एक क्षण उशिरा वळतो. ती विंगेतून बघायची. पहिल्या दिवशी रडले, तिने सांगितलं, आणि लगेच पुढे इस्त्रीवाल्याची तक्रार. तो संदेश दोनदा ऐकायचा. उत्तरं द्यायला त्याला वेळ लागे. मोठ्याने, फोनला उद्देशून, एकट्याने बोलायची त्याला सवय नव्हती. पहिली उत्तरं तारेसारखी होती: गुलाब बरा. नळ दुरुस्त. मग एकदा तो बाटल्यांच्या पट्ट्याबद्दल सांगायला लागला, सूर बिघडल्यावर अडकलेलं वळण कसं कळायचं ते, आणि थांबून बघतो तर नऊ मिनिटं झाली होती. हे त्याने तिला कधी सांगितलं नव्हतं. तिचं उत्तर आलं, की मग पुढे काय झालं?

सहाव्या आठवड्यात मंडळी बसने तीन तासांवर असलेल्या गावात आली. त्याने तिला काही कळवलं नाही. दाढी केली, कॉलर आरशात दोन्ही बाजूंनी तपासली आणि दुपारची बस पकडली. खिडकीशी बसून त्याने यंत्रांचा आवाज एक पायरी वाढवला. टायर, खिळखिळी काच, मागे कोणाचं तरी शेंगा फोडणं, सगळं अंगावर येऊ दिलं. नाट्यगृह साधं होतं, लाकडी खुर्च्यांचं. त्याने तिकीट काढलं आणि पहिला अंक पाहिला. संवाद सगळे कळले असं नाही. पण शिपाई आले, तेव्हा त्यांच्या पाठीवरची शिवण त्याने ओळखली. ती शिवण घालताना ती कापडाला, तुला काय चावतं का, म्हणाली होती, हे त्या शिपायांना माहीत नव्हतं आणि त्याला माहीत होतं. ताठ मानेने संचलन करणारी ती चार माणसं बघून तो एकटाच हसला, आणि शेजारच्या बाईंनी त्याच्याकडे वळून पाहिलं. मध्यंतराची घंटा झाली तेव्हा तो उठला, बाजूच्या बोळातून मागे गेला, आणि कोणी हटकण्याआधी रंगपटाच्या दारात जाऊन उभा राहिला.

आत धावपळ होती. चुना, पावडर आणि गरम इस्त्रीचा वास होता. मधोमध राजा हात पसरून उभा होता आणि त्याचा कोट काखेपासून कमरेपर्यंत उसवला होता. त्याच्या बगलेखाली वाकून बायको टाके घालत होती, तोंडात चार टाचण्या. तिने वर पाहिलं. तिला तो दिसला. सहा आठवडे मनात ठरवलेलं एकही वाक्य त्याला आठवलं नाही, आणि तिला बोलता येत नव्हतं. तिने भुवई उंचावली, त्याच्याकडे बघून नव्हे तर कोटाकडे, आणि मोकळ्या हाताने कापडाची सुटलेली कड त्याच्या दिशेने धरली.

तो पुढे झाला. दोन्ही कडा एकमेकींवर ओढून त्याने चिमटीत पकडल्या, आणि तिची सुई त्याच्या बोटांच्या अगदी लगत भरभर चालत खाली आली. कापडाखाली राजाची छाती धडधडत होती. गडी तरुण होता, घामाने भिजलेला, आणि ओठांतल्या ओठांत पुढची वाक्यं पुटपुटत होता. एकदा सुई कड धरलेल्या त्याच्या अंगठ्याला लागली. तो हलला नाही. बाहेर दुसरी घंटा झाली. तिने दोऱ्याला गाठ मारली, दाताने तोडला, राजाच्या पाठीवर थाप मारली, आणि राजा पळाला.

टाचण्या तोंडातून काढून तिने एकेक करून सुयांच्या छोट्या गादीत खोचल्या. मग त्याचा अंगठा हातात घेऊन उजेडाकडे वळवला, लाल ठिपका बघितला आणि पदराने टिपून टाकला. तो काही बोलणार तोच तिने बोट वर केलं, कान देऊन ऐकत. पडदा उघडल्याचा आवाज आला. राजाचं पहिलं वाक्य, आणि त्यावर सगळ्या नाट्यगृहाचं हसू, लाकडी भिंतीतून गडगडत येणारं.

"शिवण टिकली," ती म्हणाली. मग भिंतीवर टांगलेल्या कपड्यांच्या रांगेकडे वळून तिने त्याच्या हातात एक परीचा पंख दिला, जरा वाकलेला, मधल्या तारेपाशी सुटलेला. "इथे घट्ट धरा. या अंकात दोनदा उडायचंय तिला."

त्याने बाह्या दुमडल्या आणि पंख धरला.